मामीजींचं शंभराचं नाणं



२०२४ च्या संवत्सरीनंतर, पारणं आटोपून खमतखामणाचे फोन चालले होते. त्यात दारव्ह्याच्या मामीजींचा फोन आला. मिच्छामि दुक्कडं झालं, कोणाच्या घरी अठाई झाली ते झालं, आणि मग त्या म्हणाल्या, "तू बीकॉम आहेस ना? मग मला एक हिशोब सांग."

मी बी.कॉम. झाले तेव्हा आपला यवतमाळ जिल्हा नागपूर विद्यापीठात होता, अमरावती विद्यापीठ निघायचं होतं. एवढी जुनी पदवी. पण आमच्या नात्यात कोणाचा एफ.डी.चा कागद असो की गॅसच्या सबसिडीचा, तो माझ्याकडेच येतो.

हिशोब असा होता. मामाजी उन्हाळ्यात गेले. मुलं पुण्यात. चातुर्मास उठला की मामीजी कायमच्या तिकडे जाणार, म्हणून घर आवरणं चालू होतं. आवरताना मामाजींच्या पेटीत दोन नाणी निघाली. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकाची, भारत सरकारने २००१ मध्ये काढलेली, एक शंभर रुपयांचं आणि एक पाचाचं. बाहेरगावचा एक जुन्या वस्तू घेणारा माणूस घर पाहायला आला होता, त्याने शंभराचं नाणं उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "डागी माल आहे, आठशे देतो."

"डाग तर आहेत," मामीजी म्हणाल्या, "तीन आहेत. आता तू सांग, देऊ का? का तुलाच पाहिजे?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज टाकलं. माझ्या मात्र पोटात काहीतरी हललं.

कारण हे नाणं मला २००१ मध्येच घेता आलं असतं. तेव्हा टांकसाळीकडे आगाऊ पैसे भरून नोंदणी करावी लागायची. यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, शंभराच्या नाण्यासाठी शंभराहून जास्त पैसे कोण देतं? बाजारात ते चालणार नाही, बँकेत ते व्याज देणार नाही. पदवी माझी, त्यामुळे वाद तिथेच संपला. पुढे पाचाचं नाणं भाजीवाल्याकडून सुट्ट्यात आपोआप आलं. मागच्या बाजूचा साथिया पाहून मी ते बाजूला काढलं, आणि तेव्हापासून ते माझ्या सामायिकच्या पिशवीत आहे. मोठ्याची इच्छा मात्र राहून गेली. नाही म्हणणारी मीच, त्यामुळे कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

मामीजींना म्हटलं, आठ दिवस थांबा, तोवर कोणाला देऊ नका आणि मुख्य म्हणजे पुसू नका.

पुसू नका हे मी कशावरून म्हटलं, तेही सांगते. आमच्या घरी दिवाळीच्या वहीपूजनाला अकरा जुने चांदीचे रुपये निघतात. सासूबाईंपासून पद्धत अशी की आदल्या दिवशी चिंच आणि राखेने घासून ते लख्ख करायचे. सासूबाईंनी घासले, मी पस्तीस-चाळीस वर्षं घासले. आता त्यातल्या राणीच्या चेहऱ्यावर नाक शोधावं लागतं. एकदा आमच्या ओळखीच्या सराफांना ते दाखवले, तर त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "वहिनी, मळ गेला असता तर चालला असता, तुम्ही चांदी घासून नेली." नाण्याच्या व्यवहारात घासलेलं नाणं म्हणजे जवळजवळ वितळवायचंच नाणं. डाग असलेलं परवडतं, डाग घासून काढलेलं परवडत नाही. कारण डागाखाली मूळ पृष्ठभाग शिल्लक असू शकतो. घासल्यावर तो गेला तो गेला.

त्याच सराफांकडे मी पुन्हा गेले आणि डाग कशाकशाचे असतात ते विचारून घेतलं. घरी येऊन वाचलंही. शंभराचं हे नाणं ४४ मिलिमीटर रुंद आणि ३५ ग्रॅम वजनाचं. म्हणजे बरोबर तीन तोळे. पण ते सगळं चांदी नाही. चांदी ५० टक्के, तांबं ४० टक्के, निकेल ५ आणि जस्त ५. हे वाचलं आणि एक जुनं कोडं सुटलं. आमच्या अकरा रुपयांतले दोन जॉर्ज राजाचे, १९४० नंतरचे, दर वर्षी सर्वांत काळे निघायचे. मी इतकी वर्षं समजत होते की ते खोटे आहेत, सासऱ्यांना कोणीतरी फसवलं. खोटे नव्हते. युद्धाच्या काळात चांदी वाचवायला इंग्रज सरकारने रुपयातली चांदी साडेएक्क्याण्णव टक्क्यांवरून निम्म्यावर आणली, आणि मिश्रण हेच, ५०-४०-५-५. तांबं एवढं असलं की नाणं लवकर काळवंडणारच.

आता डाग. एक असतो नुसता रंग चढणं. हवेतल्या गंधकाने चांदीवर पातळ थर येतो, आधी पिवळसर, मग तपकिरी, निळसर, शेवटी काळा. तो नाण्याला खात नाही. गंधक कुठून येतं? कांदा, अंडी, लोकर, वर्तमानपत्राचा कागद आणि रबरबँड. आपल्या घरात कांदा नाही, अंडं नाही, पण रबरबँडचा डबा प्रत्येकीकडे आहे, आणि आपण चांदी वर्तमानपत्रात गुंडाळून त्याला रबरबँड लावतो!

दुसरा, टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. तो ओलाव्याच्या कणाने येतो. पुष्कळदा नाणं तोंडासमोर धरून बोलताना उडालेल्या थुंकीचा तो असतो. त्या दिवशी दिसत नाही, काही वर्षांनी दिसतो आणि मग जात नाही. म्हणून जाणकार लोक नाण्यावर वाकून बोलत नाहीत.

तिसरा हिरवट आणि चिकट. मऊ प्लास्टिकच्या थैलीत नाणं वर्षानुवर्षं राहिलं की ते प्लास्टिक हळूहळू उतरतं, त्यातून आम्ल सुटतं आणि ते तांब्याला धरतं. हा डाग थांबलेला नसतो, खात राहतो. पण वेळेवर सापडला तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणं बुडवून ठेवल्यावर विरघळून निघतो. नखांच्या रंगाचं रिमूव्हर नाही हं, त्यात सुगंध आणि तेल असतं. आणि अ‍ॅसिटोन झटकन पेटतं, त्यामुळे स्वयंपाकघरात नाही, देवळीतल्या दिव्याजवळ नाही, खिडकी उघडी ठेवून.

एवढं शिकून झाल्यावर खरी अडचण समोर आली, आणि ती डागांची नव्हती.

आठ-दहा वर्षांपूर्वी चातुर्मासात मी साध्वीजींकडून परिग्रह परिमाणाचं व्रत घेतलं आहे. आनंद श्रावकाची कथा आपण दर चातुर्मासात ऐकतो. चार कोटी सोन्याची नाणी भांडारात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात, आणि दहा-दहा हजार गायींची चार गोकुळं. एवढं असणाऱ्याने मर्यादा घातली ती आहे त्यापुढे नाही अशी. मी चांदीची मर्यादा दीड किलो लिहिली होती, ताट-वाट्या, निरांजनं, रुपये सगळं धरून. वहीत शिल्लक होती २० ग्रॅम.

नाणं ३५ ग्रॅमचं. पण त्यात चांदी साडेसतरा ग्रॅमच! म्हणजे बसतं की. मी दोन दिवस या साडेसतरावर खूश होते. तिसऱ्या दिवशी सामायिकमध्येच माझी मला लाज वाटली. कारण ताट-वाट्या लिहिताना मी कुठे त्यातली शुद्ध चांदी मोजली होती? काट्यावर जे वजन आलं तेच लिहिलं होतं. जमाखर्चाचा पहिल्या वर्षाला शिकवलेला नियम आहे, एकदा धरलेली पद्धत आपल्या सोयीसाठी मध्येच बदलायची नाही. नाणं धरायचं तर ३५ धरायचं. मग १५ ग्रॅम जास्त होतात. सुनेच्या नावावर काहीतरी करून टाकायचं हा मार्ग आपल्यात पुष्कळ जणी काढतात, मला माहीत आहे. पण कपाट तेच आणि किल्ली माझ्याच कमरेला.

साध्वीजींना विचारलं. त्यांनी ग्रॅमचा हिशोब ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, "नाणं कशासाठी पाहिजे?" मी म्हटलं, भगवंतांच्या कल्याणकाचं आहे. त्या म्हणाल्या, "ते तर पाचाचंही आहे." मग मी खरं सांगितलं. तेव्हा घेतलं नाही याची चुटपुट आहे. त्या काही बोलल्या नाहीत. मांगलिक ऐकून मी घरी आले. चांदीची अत्तरदाणी ४० ग्रॅमची होती, कधी वापरात नव्हती. भाचीच्या लग्नात आहेर द्यायचाच होता, तिला ती देऊन टाकायची ठरवली. आधी ती घराबाहेर गेली, मग मी दारव्ह्याच्या बसमध्ये बसले.

मामीजींचा वाडा तुम्हांपैकी काहींनी पाहिला असेल, मधल्या चौकात दुपारी चांगलं ऊन येतं. तिथे पाटावर पांढरं फडकं टाकून त्यांनी पेटी ठेवली. मामाजींनी नाणं टांकसाळीच्या पाकिटातून केव्हाच काढून मऊ प्लास्टिकच्या थैलीत घातलं होतं, आणि थैलीला रबरबँड. म्हणजे दोन्ही चुका एकाच ठिकाणी. मी पिशवीतून मुहपत्ती काढली आणि बांधली. मामीजी म्हणाल्या, "अगं, सामायिक आता?" मी खुणेनेच नाणं दाखवलं. आपण ती वायुकायाच्या जीवांसाठी बांधतो, इथे नाण्यासाठीही उपयोगी पडली. कडेला धरून उन्हात तिरपं केलं. काठाशी निळसर-तपकिरी पट्टा होता, तो काही वाईट नव्हता, उलट शोभत होता. थैली जिथे चिकटली होती तिथे शेंगदाण्याएवढी हिरवट चिकटण. आणि मागच्या बाजूला, साथियाच्या शेजारी, एक काळाकुट्ट ठिपका.

बाहेर आल्यावर मुहपत्ती काढून मी मामीजींना तिन्ही समजावून सांगितले. ठिपक्याचं सांगितलं तशा त्या हसायला लागल्या. "मग तो यांचाच! दुकानात येईल त्याला दाखवत, नाकासमोर धरून भाषण देत. तेल घ्यायला आलेला माणूस तेल विसरून जात होता." खात्रीने काही सांगता येत नाही, पण मामाजी ज्यांना आठवतात त्यांना हे पटेल. हसता हसता त्या गप्प झाल्या, आणि मग उठून चहा टाकायला गेल्या.

मी विचारलं, "मामीजी, तुम्हीच ठेवा ना. पुण्याला न्या."

"पोरं म्हणतात आता नवीन निघालं आहे, ते आणून देऊ." निघालं आहे खरं. २५५० व्या निर्वाण महोत्सवाचं, २१ एप्रिल २०२४ ला दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते प्रकाशित झालं. "मला एका खोलीत राहायचं आहे. पेट्या घेऊन कुठे जाऊ? पाचाचं ठेवते मी. हे तू ने, पण फुकट नाही देणार. यांना आवडलं नसतं."

आता भाव. आणि इथे मला खरा घाम फुटला, कारण मी आता शिकून आले होते आणि त्या शिकल्या नव्हत्या. आठशे ऐकून बसलेल्या बाईला मी हजार म्हटलं असतं तरी त्या खूश झाल्या असत्या. हिरवट डाग घरी जाऊन काढला असता, कोणाला कळलं असतं? प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार आपण रोज म्हणतो, खोटं तोल, खोटं माप. खोटं माप म्हणजे काट्याखाली चुंबक लावणं एवढंच आपल्याला वाटतं.

आधी गावातल्या सराफाकडे वजन केलं. ३५ ला किंचित कमी भरलं, रुंदीही बरोबर. म्हणजे नाणं खरं. त्या भल्या माणसाने सवयीने कसोटीचा दगड पुढे ओढला, मी जवळजवळ ओरडलेच! मग वहीच्या मागच्या पानावर मामीजींना लिहून दाखवलं. चांदी त्या दिवशी ग्रॅमला नव्वदच्या आत-बाहेर होती. साडेसतरा गुणिले नव्वद, १५७५ रुपये. म्हणजे डाग असो, भोक असो, नाणं वितळवलं तरी एवढी चांदी त्यात आहे. आठशे म्हणणाऱ्याने डागाचे पैसे कापले नव्हते, चांदीचेच कापले होते. वरचा आकडा कोणता? नाणी विकणारे कोरं नाणं कितीला सांगतात ते मी पाहिलं होतं, पण सांगितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नाही. मी २५०० म्हटलं. मामीजी म्हणाल्या, "वेडी आहेस का, दोन हजार दे." मी म्हटलं २५००. चहा निवला. असा उलटा भाव करणाऱ्या दोघी त्या चौकाने पहिल्यांदाच पाहिल्या असतील.

शेवटी असं ठरवलं. काळा ठिपका जाणार नाही, तो धरून आत्ता २००० द्यायचे. हिरवट डाग निघाला तर आणखी ५००, नाही निघाला तर नाही. आमच्या अभ्यासात याला आकस्मिक देणी म्हणत, ताळेबंदाच्या खाली टीप म्हणून लिहायची.

निघताना मामीजींनी पेटीच्या तळातून आणखी एक आणलं. "हे ईस्ट इंडिया कंपनीचं, १८१८ चं, रामदरबाराचं. हे म्हणे लाखाचं आहे." ते त्यांच्या हातात परत दिलं. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही, ती जत्रेत विकायची टिकली आहे. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर ठेवा, पण कोणाला पैसे देऊन घेऊ नका. आणि वैष्णोदेवीच्या पाचाच्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असे फोन येतात तेही खोटे. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की बँक जुनी नाणी-नोटा खरेदी करत नाही आणि त्यासाठी कोणाला शुल्क घ्यायला नेमलेलं नाही.

घरी गच्चीवर, काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोन घालून नाणं बुडवलं. चोळायचं नाही, कापसानेही नाही. दुसऱ्या दिवशी ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा. चिकटण गेली. पण जिथे ती होती तिथे चकाकी थोडी मेली होती, उन्हात तिरपं धरलं की कळतं. मग माझं मन लागलं वकिली करायला, हा डाग निघाला म्हणायचा की नाही? डाग तर निघाला, खूण राहिली. शब्द दिला होता डागाचा. त्याच आठवड्यात दारव्ह्याला जाणाऱ्या एकीबरोबर ५०० पाठवले आणि खुणेचंही चिठ्ठीत लिहिलं. मामीजींनी ते जीवदयेच्या पेटीत टाकल्याचं कळलं. वहीत ३५ ग्रॅम चढवले, अत्तरदाणीचे ४० उतरवले.

दिवाळीला वहीपूजनाच्या आदल्या दिवशी जाऊबाई नेहमीप्रमाणे चिंच भिजवून बसल्या. मी अकरा रुपये फक्त कोरड्या मऊ कापडावर मांडले, काळ्या दोघांसकट. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग त्यांचं लक्ष मोठ्या नाण्याकडे गेलं.

"आणि हे? याला तर डाग आहे."

"राहू द्या," म्हटलं. "मामाजींचा आहे."

भिजवलेली चिंच संध्याकाळी वरणात गेली.